बोअर कुठला, हा दुसरा प्रश्न

ठाण्यातल्या बाळकुमकडून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा सुरू होतात. त्यातल्याच एका आवाराची सुरक्षा मी पाहतो. त्याआधी २० वर्षं मराठा लाइट इन्फन्ट्रीत काढली, त्यातली बरीचशी नव्या पोरांना शस्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे आसपास कुणी शस्त्र परवान्यासाठी अर्ज करायला निघाला की आधी माझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात आमच्याच आळीतला एक तरुण आला. ट्रान्सपोर्टचा धंदा, रात्री-अपरात्री रोकड घेऊन फिरणं. मोबाइलवर दोन फोटो दाखवून म्हणाला, “नाना, बावीस घेऊ की बत्तीस? शर्टाखाली दिसायला नको, पण दमदार पाहिजे.”

बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, हा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आधी त्याचं सरळ उत्तर देतो.

आपल्याकडे ही निवड मुळातच छोटी आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ते ९ मिमी सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअर आहे. सरकारी शस्त्रागारातलं काडतूस बाहेरच्या बंदुकीत चालू नये, हा त्यामागचा जुना विचार. परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. म्हणजे खिशात किंवा कमरेला मावणारं शस्त्र हवं असेल, तर बहुतेकांचा निर्णय बावीस आणि बत्तीस यांच्यातच होतो. ‘निडर’ हे बावीसचं रिव्हॉल्वर, वजन सुमारे २५० ग्रॅम, आठ काडतुसांचं. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ बत्तीसचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, बाजारात आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०२३ साली आलेलं ‘प्रबल’ही बत्तीसचंच, त्याची जाहिरात ५० मीटर पल्ल्याची.

आता दम कशात ते पाहू. बावीसची गोळी साधारण अडीच ग्रॅमची. बत्तीस पिस्तुलाची साडेचार ग्रॅमच्या आसपास, बत्तीस रिव्हॉल्वरची सहा ग्रॅमच्या वर. ९ मिमीच्या गोळीचा जोर बत्तीस पिस्तुलाच्या दुपटीहून जास्त, पण तो आपल्या हातात नाही. बावीसमध्ये आणखी एक उणीव आहे. तिच्या काडतुसात ठिणगी धरणारी दारू बुडाच्या काठात भरलेली असते. बत्तीसमध्ये बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते. काठावर पेटणारं काडतूस दगा देण्याची शक्यता जास्त. सरावासाठी हरकत नाही, पण जिवावर बेतल्यावर मला तरी ते नको. आणि एक गोष्ट दुकानात जाण्याआधी पक्की करा: ‘बत्तीस’ म्हटलं तरी पिस्तुलाचं काडतूस वेगळं आणि रिव्हॉल्वरचं वेगळं. एक दुसऱ्याच्या जागी वापरायचं नाही.

म्हणून माझं उत्तर बत्तीस, आणि नवख्या हाताला रिव्हॉल्वरच. सिलिंडर बाजूला केला की किती काडतुसं आहेत ते डोळ्यांना दिसतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक राऊंड चेंबरमध्ये राहू शकतो, आणि ‘रिकामं’ समजलेल्या पिस्तुलानेच घात होतो. सगळ्यात हलकं तेच सगळ्यात चांगलं, हा समजही सोडा. शस्त्र जितकं हलकं आणि नळी जितकी आखूड, तितका झटका हाताला जास्त बसतो आणि नेम तितका चळतो.

एवढं ऐकून तो उठायला लागला. त्याचं काम झालं होतं. मी त्याला हाताला धरून बसवलं. “ठेवणार कुठे?” तो म्हणाला, “कपाटात. बायकोच्या साड्यांखाली.” त्याची चार वर्षांची मुलगी तेव्हा माझ्या टेबलाचा खालचा खण उघडून त्यातले रबर बँड काढत होती. मी काही न बोलता तिच्याकडे बोट केलं. तो गप्प झाला.

या लेखात मला म्हणायचं आहे ते हेच. बोअरवर आपण तासन् तास बोलतो. शस्त्र रात्री कुठे राहील आणि हात किती सरावलेला आहे, यावर कुणी बोलत नाही. १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. वर्षानुवर्षं जवळ बाळगलेलं शस्त्र एका क्षणात उलटतं. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, हा साधा नियम आहे. किती परवानाधारकांना तो कुणी हात धरून शिकवला असेल?

आमच्या परिसराचं वेगळंच आहे. इथल्या कित्येक गाळ्यांच्या भिंती पत्र्याच्या. पत्र्याच्या एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर ओझी वाहून दमलेले कामगार झोपलेले. बत्तीसची गोळी पत्र्याला थांबत नाही. अंधारात चोर समजून झाडलेली गोळी कुणाच्या उशाशी जाऊन पडेल, याचा हिशेब चाप ओढायच्या आधी करावा लागतो. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला कायद्याने दिला आहे, पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण तो गरजेपुरताच आहे, पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडण्याचा नाही. म्हणूनच ५० मीटरच्या जाहिरातीने मी हुरळत नाही. इतक्या लांबच्या माणसापासून बहुतेक वेळा मागे सरता येतं, आणि सरता येत असेल तर सरावं.

आता हाताच्या सरावाचं. सैन्यात नेमाआधी चापाचा सराव असे. रिकाम्या शस्त्राच्या नळीवर उस्ताद एक नाणं ठेवायचे आणि चाप ओढायला सांगायचे. नाणं पडलं की पुन्हा. पहिल्या दिवशी माझं नाणं दर वेळी पडलं. तिसऱ्या आठवड्यात ते टिकायला लागलं, तेव्हा कुठे उस्तादांनी काडतूस हातात दिलं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, ते बावीस बोअरनेच. बोअर लहान होता, त्यामागची हजारो तासांची मेहनत मोठी होती.

कायदा काय म्हणतो? २०१६च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, दोन्ही मागितली आहेत. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन केली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, आणि आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शेवटची तरतूद आमच्या हळदीच्या मांडवांत मोठ्या अक्षरांत लावावी इतकी गरजेची आहे. एका हळदीत मी स्वतः पाहिलं आहे, डीजेच्या तालावर नाचणाऱ्याच्या कमरेचं शस्त्र अर्धं बाहेर आलेलं आणि पायाशी लहान मुलं. मी त्याला बाजूला घेऊन गेलो. वाद झाला, पण गेलो.

पण दाखला एकदाच लागतो आणि हमी कागदावर राहते. पाच वर्षांत एकही राऊंड न झाडलेला माणूस नूतनीकरणाला उभा राहतो, तेव्हा त्याचा हात तपासला गेला पाहिजे. आमचा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. माझी आयुक्तालयाला आणि सरकारला हात जोडून विनंती आहे: नूतनीकरणाच्या वेळी वर्षाकाठी किमान एका सरावाची नोंद मागा. घरात भिंतीला ठोकलेली तिजोरी आहे का, ते शिपाई पाठवून पाहा. आणि भिवंडीच्या आसपास फायरिंग रेंज उभी करा, म्हणजे सराव मागताना सरावाला जागाही दिली असं होईल. गाडी चालवायला आपण चाचणी घेतो. शस्त्राला त्याहून कमी का?

परवा तो तरुण पुन्हा आला. या वेळी त्याच्या मोबाइलवर बेडरूमच्या भिंतीचा फोटो होता, जमिनीपासून साडेपाच फुटांवर खडूने चौकोन आखलेला. “नाना, तिजोरी इथे बसवतोय. पोरगी खुर्चीवर चढली तर पोचेल का?” मी म्हटलं, “खुर्चीवर चढून पोचेलच. कुलूप आकड्यांचं घे, आणि आकडा वाढदिवसाचा ठेवू नकोस.” बत्तीस की बावीस, हे त्या दिवशी त्याने विचारलंच नाही.