गुन्हा नको, दुकानही नको

तुरीच्या दोन ओळींमध्ये, पऱ्हाटीच्या आडोशाला, नाहीतर उसाच्या फडात गांजाची झाडे सापडल्याची बातमी महाराष्ट्रात पावसाळा सरला की हमखास येते. तिचा साचा ठरलेला असतो. स्थानिक गुन्हे शाखेला गुप्त माहिती मिळते, पथक शिवारात पोहोचते, पंचांसमक्ष झाडे उपटली जातात, ढिगामागे शेतकऱ्याला उभे करून फोटो काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी मुद्देमालाची किंमत लाखांत छापून येते. बुलढाणा जिल्हा याला अपवाद नाही. देऊळगाव राजाकडच्या पट्ट्यातून तर अलीकडे अफूच्या शेतीचीही बातमी आली.

गांजा कायदेशीर करावा का, यावर महानगरांत जी चर्चा रंगते, तिच्यात हा फोटोतला माणूस कुठेच नसतो. तिथे बोलतात ते ओढणारे आणि त्यांना विरोध करणारे. एका बाजूला व्यक्तिस्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला संस्कृतीचा ऱ्हास, आणि मधूनच एखाद्या सिनेकलावंताच्या अटकेचा तडका. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणाने देश ढवळून निघाला. त्याच सुमारास केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने वैयक्तिक वापरासाठी जवळ बाळगलेल्या अल्प प्रमाणातील अमली पदार्थांना गुन्ह्याच्या यादीतून वगळण्याची शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. पुढे ते प्रकरण थंडावले, शिफारसही.

आधी कायदा पाहू. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘एनडीपीएस’, १९८५ च्या १४ नोव्हेंबरला लागू झाला. संसदेत तो अवघ्या काही दिवसांत संमत झाला होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना भारताने परंपरागत वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची सवलत घेतली होती, ती संपत आली होती. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात मोडत नाहीत, म्हणून भांग या कायद्यातून सुटते आणि राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या हाती येते. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’, वीस किलोच्या वर ‘व्यापारी’. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे.

शेतकऱ्याचा पेच लागवडीच्या कलमात आहे. झाडे तीन असोत की तीनशे, शिक्षेची मर्यादा एकच: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यातून मुळासकट उपटलेली ओली झाडे काट्यावर टाकली की वीस किलोचा आकडा ओलांडायला वेळ लागत नाही, आणि तो ओलांडला की जामीन जवळपास मिळतच नाही. कायद्यात लिहिलेत ते शेंडे, तोलली जातात ती मुळे, खोड, पाने आणि माती. न्यायालयांपुढे हा वाद वारंवार येतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात गांजाची ही नेमकी व्याख्या पुढे ठेवूनच आरोपीला जामीन दिला. पण उच्च न्यायालयापर्यंत जाणारा वकील देऊळगाव राजाच्या दोन एकरवाल्याला परवडतो थोडाच? आणि त्याचा माल जो उचलणार होता, तो व्यापारी फोटोत सहसा नसतो.

बरे, गांजा या मातीला नवा नाही. इंग्रजी अमलात बुलढाणा वऱ्हाडात होता आणि शेजारच्या निमाडातले खंडवा सरकारी देखरेखीखालच्या गांजा-लागवडीचे मोठे केंद्र होते. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत गांजाच्या दुष्परिणामांबद्दल प्रश्न विचारला गेला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा आयोग नेमला गेला. सात सदस्यांपैकी तीन भारतीय. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. ‘गांजामुळे वेड’ अशा नोंदी आयोगाने एकेक करून तपासल्या, तेव्हा अनेक ठिकाणी ते कारण डॉक्टरने शोधलेले नव्हते. रुग्णासोबत पोलिसांचा कागद आला होता आणि त्यावरचे कारण वहीत उतरवले गेले होते.

कायदेशीरकरणाचे समर्थक हा अहवाल हौसेने पुढे करतात, मात्र अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात लागवडीवर बंधने, परवाने, जवळ बाळगण्याची मर्यादा आणि भरपूर कर आहे. साहेबाला त्यातून महसूल हवा होता, हेही विसरायचे कारण नाही.

दुसरी बाजूही तितकीच विसरभोळी. ‘ही आपली संस्कृती नव्हे’ असे म्हणणाऱ्याने शेगावकडे पाहावे. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकट झाले, असे भक्त मानतात. चिलमीशिवाय त्यांचे चित्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात काशीहून गांजाचा नवस फेडायला आलेल्या गोसाव्याची कथा आहे, आणि महाराज त्या व्यसनाच्या अधीन नव्हते हे दासगणू तिथेच आवर्जून सांगतात. समाजाने चिलीम पाहिली होती, बैराग्याच्या हातातली मान्यही केली होती, आणि घरातल्या पोराच्या हातात ती दिसली की पाठीत धपाटाही घातला होता. ही मर्यादा कुणा फौजदाराने घालून दिलेली नव्हती. अर्थात आता बैरागीही तो उरला नाही आणि मालही तो उरला नाही. जगभर आजच्या गांजातले नशेचे द्रव्य पूर्वीपेक्षा बरेच वाढले आहे, आणि कोवळ्या वयात, रोज, अशा तीव्र मालाचे सेवन केले तर मनोविकाराचा धोका वाढतो हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. म्हणून ‘देवाचा प्रसाद’ हा युक्तिवाद आजच्या शहरी पुडीला लावता येत नाही.

मग दुकाने उघडावीत? इथे महाराष्ट्राला परदेशात डोकावायचीही गरज नाही, दारू आहेच. १९४९ च्या कायद्यानुसार या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? कागदावर राज्य संयमाचे, तिजोरीत मात्र दारूचा महसूल. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा उघडपणे मांडली गेली. सरकारला एकदा एखाद्या नशेचा पैसा लागला की ती आवरण्याची इच्छा मावळते. गावातले दुकान बंद करायचे तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतदान करून बाटली आडवी करावी लागते. ज्या बाईची मजुरी त्या दुकानात जाते, तिनेच एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहायचे. जिजाऊंचे माहेर सिंदखेड राजा या जिल्ह्यात आहे, म्हणून ‘मातृतीर्थ’ बुलढाणा दारूमुक्त करा, अशी मागणी बायका वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. त्यांच्यापुढे जाऊन आता गांजाचेही परवाने वाटायचे आहेत, असे सांगण्याचे धैर्य कायदेशीरकरणाच्या एकाही पुरस्कर्त्याने दाखवलेले नाही.

बंदीचाही अनुभव घेऊन झाला. चंद्रपूर २०१५ मध्ये कोरडे झाले आणि अवैध दारूचा सुळसुळाट झाल्याचे सांगत सरकारनेच २०२१ मध्ये बंदी उठवली.

जगात दोन्ही टोके करून पाहिलेले देश आहेत. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम नंतर करू म्हणाला, गल्लोगल्ली दुकाने निघाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. जर्मनीने २०२४ मध्ये वेगळे केले: प्रौढाने २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगणे गुन्हा नाही, घरी तीन झाडे चालतील, नफा न कमावणाऱ्या मंडळांत वाटून घ्या, पण दुकान नाही आणि जाहिरात नाही. पोर्तुगालने तर २००१ पासून सर्वच अमली पदार्थांच्या अल्प प्रमाणाला तुरुंगातून वगळून डॉक्टर आणि समाजसेवकांच्या समितीपुढे आणले. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये तेच करायचे ठरवले. शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेवर उभी राहिली नाही, रस्त्यांवर उघड नशा दिसू लागली आणि २०२४ मध्ये ते पुन्हा गुन्हा ठरले.

बुलढाण्याने भ्यायला हवे ते ओरेगॉनच्या चुकीला. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथे आहेत. बुलढाण्याच्या माणसाला त्यातल्या त्यात सोयीचे नागपूर, तेही पाऊणशे कोस नव्हे, त्याहून लांब. त्यामुळे ज्याचे चित्त ठिकाणावर नाही, तो आधी सैलानीला नेला जातो. होळीच्या सुमाराला भरणाऱ्या सैलानी बाबांच्या यात्रेत लांबलांबून अशा रुग्णांना घेऊन नातेवाईक येतात. श्रद्धेवर हसणे सोपे आहे, पण तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर नसेल तर त्या आईने जायचे कुठे? एनडीपीएस कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. कलम उत्तम. पण जवळ केंद्र नसेल तर ते वापरायचे कसे?

म्हणून पहिली दुरुस्ती साधी असावी. स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला आरोपी न करता दंड आणि समुपदेशनाच्या वाटेने न्यावे, आणि त्याच वेळी जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा व माणसे द्यावीत. दोन्ही एकत्रच, एक आधी आणि दुसरे मागाहून नको. यातून पोलिसांचा जो वेळ वाचेल, तो कुठे लावायचा हे २०२३ च्या ऑक्टोबरने दाखवून दिले आहे. नाशिकजवळ शिंदे गावात आणि सोलापूरच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचे, म्हणजे ‘एमडी’चे, कारखाने सापडले. चिलीम आणि एमडी यांना एकाच तराजूत तोलणारा कायदा पोरांना हेच शिकवतो की दोन्ही सारखेच आहेत.

राहिला लागवडीचा प्रश्न. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची रीतसर परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचे कारण. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. असेलही, पण बुलढाण्यातल्या सोयाबीनवाल्याला तो अर्ज अजिबात हास्यास्पद वाटणार नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावे लागत होते. त्या अर्जात गांजा निमित्तापुरता होता, मागणी भावाची होती.

तागासारख्या धाग्यासाठी कमी नशेचे वाण लावायची वाट कायद्यात खुली आहे. उत्तराखंडने २०१८ पासून असे परवाने दिले, हिमाचलने आपल्या कृषी विद्यापीठांमार्फत प्रयोगाचे ठरवले. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वऱ्हाडच्या उन्हात तसा प्रयोग करू शकेल, करावाही. मात्र शेतकऱ्याला गांजाच्या नावाने श्रीमंतीची स्वप्ने विकू नयेत. उत्तराखंडात नशेच्या द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. त्यापलीकडे पीक गेले तर ते उभे नष्ट करावे लागते, आणि अशा नुकसानीचा पंचनामा कोणत्या पीकविम्यात बसवायचा, हे परवान्याची मागणी करणाऱ्यांनी आधी विमा कंपनीला विचारून घ्यावे.