एआयवर दहा हजार कोटी, त्याची नैतिकता तपासायला वीस कोटी. हे पैसे कुणाला मिळतात आणि ठाण्यातलं कॉलेज अर्ज करू शकतं का?

समजा, यवतमाळमधल्या एका शेतकरी बाईने मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला विचारलं की कपाशीवर बोंडअळी दिसतेय, काय करू? उत्तराची सुरुवात झाली 'शेतकरी बंधू' अशी. पुढचा सल्लाही तसाच. सातबारा स्वतःच्या नावावर आहे, पीककर्ज मिळालेलं आहे, पाठीवर पंप घेऊन फवारणी करता येईल, हे सगळं मशीननं गृहीत धरलं. औषधाचं नाव बरोबर असेल, पण सल्ला तिच्यासाठी नाही.

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी प्रश्न खरा आहे. महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये शेतीसाठी स्वतंत्र एआय धोरण आणलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले. त्याच वर्षी केंद्राच्या इंडियाएआय मिशनने 'सुरक्षित आणि विश्वासार्ह एआय' या विषयावरचे पाच संशोधन प्रकल्प निवडले. त्यातल्या एका प्रकल्पाचा विषय आहे शेतीविषयक एआयमधला स्त्री-पुरुष भेदभाव. तो मिळाला गोव्यातून काम करणाऱ्या डिजिटल फ्युचर्स लॅबला, सोबतीला बंगळुरूची कार्य ही संस्था. या फेरीत 400 हून जास्त प्रस्ताव आले होते, म्हणजे साधारण ऐंशीमागे एक.

पैसा नेमका किती आहे?

इंडियाएआय मिशनला मार्च 2024 मध्ये मंजुरी मिळाली. पाच वर्षांसाठी साधारण 10,372 कोटी रुपये. बातम्यांत हाच आकडा आला. पण आतलं वाटप बघा. कॉम्प्युटिंगसाठी, म्हणजे महागड्या चिप आणि सर्व्हरसाठी, 4,563 कोटी. स्टार्टअपना भांडवल 1,942 कोटी. आणि एआय सुरक्षित आहे का, भेदभाव करतं का, त्याचा हिशेब कुणी मागायचा, या सगळ्यासाठी 20.46 कोटी. शंभर रुपयांतले वीस पैसे!

चिप महाग असतात आणि माणसं स्वस्त, असा युक्तिवाद यावर होऊ शकतो. त्यात तथ्य आहे. तरी इतकी तफावत फक्त चिपच्या किमतीमुळे आली, हे मला पटत नाही.

आतापर्यंत कुणाला मिळाले?

ऑक्टोबर 2024 मध्ये पहिले आठ प्रकल्प जाहीर झाले. एआयला शिकलेली माहिती 'विसरायला' लावण्याचं काम आयआयटी जोधपूरकडे गेलं, तर आरोग्यसेवेतल्या एआयमधला भेदभाव कमी करण्याचं एनआयटी रायपूरकडे. एआयने निर्णय का घेतला हे समजावून सांगणाऱ्या तंत्राचं काम पुण्याच्या डीआयएटीकडे, म्हणजे संरक्षण खात्याच्या अभिमत विद्यापीठाकडे आलं. दोन्ही फेऱ्यांत मिळून तेरा प्रकल्प झाले आणि महाराष्ट्रातल्या संस्थेचं नाव मला त्यात हे एकच दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. यादीत बहुतेक नावं इंजिनिअरिंगवाल्यांची आहेत. सिव्हिक डेटा लॅब्सचा 'परखएआय' आणि डिजिटल फ्युचर्स लॅबचा प्रकल्प सोडला, तर नागरिकांच्या बाजूने प्रश्न विचारणाऱ्या संस्था जवळपास नाहीत. एखादं लॉ कॉलेज किंवा समाजशास्त्र विभाग प्रकल्पाच्या पुढे आहे असंही दिसत नाही. 'नैतिकता' म्हणजे एक सॉफ्टवेअर टूल असा अर्थ लावला, की कायदा शिकवणारे आपोआप बाहेर पडतात.

मग ठाण्यातून अर्ज होऊ शकतो?

होऊ शकतो. आणि विषय नौपाड्यातल्या चौकात उभं राहिलात तरी डोक्यावर दिसेल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं सप्टेंबर 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली. या योजनेतून देशभरात कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष उभे राहिले. मार्च 2025 मध्ये योजना संपली, कॅमेरे मात्र राहिले. चित्रण किती दिवस ठेवायचं, कोण बघू शकतं, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडायचं असेल तर परवानगी कुणाची? स्थानिक संशोधनाचा प्रश्न असाच असतो.

टीमही जवळच मिळू शकते. नौपाड्यात शाळा असलेल्या विद्या प्रसारक मंडळाचं चेंदणीतलं ज्ञानद्वीप संकुल घ्या. एकाच आवारात विज्ञान महाविद्यालय, लॉ कॉलेज, व्यवस्थापन संस्था आणि पॉलिटेक्निक आहे. अशा प्रस्तावाला लागणारे वकील, प्रोग्रॅमर आणि सर्व्हे करणारे विद्यार्थी एका कॅन्टीनमध्ये बसतात. तिथे असा प्रस्ताव तयार होतोय असं मी म्हणत नाही, पण होण्यासारखा आहे.

इंडियाएआयखेरीज दुसरा दरवाजा आहे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएसएसआरचा. ही 1969 पासूनची संस्था. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात आहे. सार्वजनिक धोरणावरचं काम इथे जास्त सहज बसतं.

सरकारी निधी सहसा व्यक्तीच्या हातात येत नाही. पैसे संस्थेच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता हवा तर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे मुख्य संशोधक कितीही हुशार असला, तरी कॉलेजचा अकाउंट्स विभाग ढिला असेल तर प्रकल्प तिथेच अडकतो. भागीदारी असेल तर कोणतं काम कुणाचं, डेटा कुणाकडे राहणार आणि निष्कर्ष छापण्याआधी कुणाची संमती लागणार, हे करारात आधीच लिहून घ्या. पालिकेकडून डेटा हवा असेल तर तिचं पत्र अर्जाआधीच मिळवलेलं बरं, कारण नंतर ते मिळायला वर्षही जाऊ शकतं.

वैयक्तिक माहितीचं काय? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे. पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांतले निकष पाळावे लागतात. 'संशोधन आहे' एवढं म्हणून सुटका नाही.

परदेशी किंवा कंपनीचा पैसा घेतला तर?

परदेशी निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाही. भागीदारीच्या संशोधनाला इथेच मोठा फटका बसतो, कारण मुंबईच्या मोठ्या संस्थेने निधी मिळवून ठाण्याच्या छोट्या संस्थेला वाटा द्यायचा, हा जुना रस्ता बंद झाला. धोरणांवर संशोधन करणाऱ्या दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची नोंदणी आधी 2023 मध्ये स्थगित झाली आणि जानेवारी 2024 मध्ये रद्दच झाली. सार्वजनिक धोरणावर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही बातमी लक्ष देऊन वाचली असणार.

कंपन्यांचा पैसा सोपा वाटतो, पण त्याचीही गोम आहे. फेसबुकने 2019 मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाला एआय नैतिकतेच्या संस्थेसाठी 75 लाख डॉलर देऊ केले, तेव्हा ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशावर तपासणी कशी, अशी टीका झाली. गूगलमधून टिमनिट गेब्रू आणि मार्गारेट मिचेल या नैतिकता संशोधक बाहेर पडल्यावर, याच विषयावरच्या फॅक्ट परिषदेने 2021 मध्ये गूगलचं प्रायोजकत्व स्थगित केलं.

सरकारी पैशालाही हाच प्रश्न लागू आहे, फक्त तो कमी विचारला जातो. पोलिसांच्या कॅमेऱ्यांवर संशोधन करायला सरकारकडूनच निधी घेतला, तर अडचणीचा निष्कर्ष छापता येईल का? याचं उत्तर प्रकाशनाच्या अटींमध्ये असतं. अर्ज भरताना बजेटच्या रकान्याआधी तेच पान उघडा.