गल्फचं मेडिकल 'अनफिट' आलं तर पुढे काय? एचआयव्ही आणि हेपॅटायटिसच्या टेस्टला म्हसळ्याचा चाकरमानी का घाबरतो?

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यातून बाहेर पडायच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक वाट माणगावमार्गे मुंबईला जाते. दुसरी मुंबईच्या विमानतळावरून कुवेत, सौदी, कतार, दुबईला. म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यातली कितीतरी घरं पिढ्यानपिढ्या या दोन वाटांनी येणाऱ्या पैशावर उभी आहेत. तिसरी वाट कातकरी कुटुंबांची आहे. पावसाळा संपला की ती वीटभट्ट्यांकडे निघतात.

यातल्या गल्फच्या वाटेवर एक दार लागतं. त्याचं नाव मेडिकल. व्हिसाचं काम सुरू झालं की मुलगा मुंबईला जाऊन रक्त देतो, एक्स-रे काढतो आणि मग घरातले सगळे एकाच शब्दाची वाट बघतात: 'फिट'.

पण 'अनफिट' आलं तर?

मेडिकलमध्ये नेमकं काय बघतात?

आखाती देशांनी मान्यता दिलेल्या मोजक्याच केंद्रांवर ही तपासणी होते. पूर्वी ही व्यवस्था 'गामका' नावाने ओळखली जायची. आता अपॉइंटमेंट 'वाफिद' या ऑनलाइन प्रणालीवरून घ्यावी लागते, तरी लोकांच्या तोंडी नाव गामकाच आहे.

छातीच्या एक्स-रेमधून टीबी बघितला जातो. रक्तातून एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि सिफिलिस तपासले जातात. निकाल ऑनलाइन चढतो. तिकडे पोहोचल्यावर राहण्याचा परवाना काढतानाही पुन्हा मेडिकल होतं. आखातातल्या अनेक देशांत एचआयव्ही आढळला तर कामगाराला परत पाठवलं जातं.

टेस्ट नाही, परीक्षा

भीतीचं मूळ इथे आहे. आजार लवकर कळावा आणि उपचार सुरू व्हावेत, यासाठी तपासणी करायची असते. गल्फच्या मेडिकलचा उद्देश वेगळा आहे. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवण्यासाठी ती होते. म्हणजे ती परीक्षा आहे, आणि परीक्षेत माणूस पास व्हायला बघतो.

मग वागणंही तसंच होतं. 'आधी बाहेरच्या लॅबमध्ये टेस्ट करून बघ' हा सल्ला दिला जातो. रिपोर्ट वाईट आला की तो कपाटात जातो. कोणी काही महिन्यांनी पुन्हा नशीब आजमावतो. डॉक्टरकडे जायचं मात्र राहून जातं, कारण हातातल्या कागदावर आजारापेक्षा मोडलेली नोकरी जास्त ठळक दिसते. त्यात व्हिसासाठी काढलेलं कर्ज असेल, तर घरी तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न आधी येतो.

लहान गावात आणखी एक अडचण असते. तिथे कोण गल्फला निघालंय हे सगळ्यांना माहीत असतं. निघालेला मुलगा गेलाच नाही, तर 'मेडिकलमध्ये काय निघालं?' हा प्रश्न गावभर होतो.

'अनफिट' म्हणजे आयुष्य संपलं का?

नाही. पण तीन आजारांची तीन वेगळी उत्तरं आहेत.

हेपॅटायटिस सी बरा होतो. बहुतेक रुग्णांना १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. लिव्हर जास्त खराब असेल तर कोर्स लांबतो. ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. यात एक मेख आहे. पहिली टेस्ट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी शोधते. ही अँटिबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते. त्यामुळे बरा झालेला माणूस पहिल्या टेस्टमध्ये पुन्हा पॉझिटिव्ह दिसू शकतो. विषाणू खरंच आहे की नाही, हे आरएनए टेस्ट सांगते. उपचार झाले असतील तर ते कागद आणि आरएनए रिपोर्ट जपून ठेवावेत.

हेपॅटायटिस बी औषधांनी काबूत राहतो. काही लोक याला 'पांढरी कावीळ' म्हणतात. पण डोळे पिवळे झाल्याशिवाय कावीळ नाहीच, या समजात हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो आणि एक दिवस थेट लिव्हर सिरॉसिस किंवा कॅन्सर म्हणून समोर येतो. कावीळ उतरवून किंवा गावठी औषध घेऊन विषाणू जात नाही. प्रत्येक रुग्णाला लगेच गोळ्या लागतातच असं नाही, मात्र नियमित तपासणी लागते. पॉझिटिव्ह आल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट करून संसर्ग कायमचा आहे का ते ठरतं. मोठ्या वयात लागण झालेल्या बहुतेकांचं शरीर हा विषाणू स्वतःच घालवतं.

याला लसही आहे. मात्र देशभरात बाळांच्या सरकारी लसीकरणात ती २०११ च्या सुमारास आली. त्यामुळे आज गल्फला जाणाऱ्या वयातल्या बहुतेकांना ती बाळपणी मिळालेली नाही. मोठ्यांनाही तीन डोस घेता येतात. फक्त मेडिकलच्या तोंडावर घेऊ नयेत, कारण लस घेतल्यावर काही दिवस टेस्ट चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते.

एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण रोजच्या गोळ्यांवर माणूस सामान्य आयुष्य जगतो. एआरटी औषधं भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. औषधांनी रक्तातला विषाणू सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आणि तिन्ही आजार एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा एका खोलीत राहिल्याने पसरत नाहीत. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला, असे त्यांचे मार्ग आहेत. बी आणि सी हे विषाणू दुसऱ्याचं ब्लेड वापरल्यानेही लागू शकतात. एका खोलीत दहाजण राहणाऱ्यांनी निदान हे लक्षात ठेवावं.

भारतातला कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार माणसाला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय एचआयव्ही टेस्ट करता येत नाही. या संमतीत टेस्टच्या आधीचं आणि नंतरचं समुपदेशनही येतं. नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची अट घालणं हा भेदभाव मानला जातो.

पण हा कायदा कुवेतच्या व्हिसाला लागू होत नाही. कोणाला व्हिसा द्यायचा हे तो देश ठरवतो. म्हणून तोच माणूस मुंबईतल्या कंपनीत अर्ज करतो तेव्हा त्याला संरक्षण असतं आणि गल्फला अर्ज करतो तेव्हा नसतं. हेपॅटायटिस बी आणि सीसाठी तर असा स्वतंत्र कायदाच नाही.

जगात काय चाललंय?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या शिफारशीनुसार स्थलांतरितांसह कोणत्याही कामगारावर एचआयव्ही टेस्टची सक्ती नसावी. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी जानेवारी २०१० मध्ये उठवली. युरोपीय संघाच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात स्थलांतरितांची तपासणी सुचवली, पण ती ऐच्छिक आणि गोपनीय असावी आणि पुढे उपचारांशी जोडलेली असावी, असं म्हटलं.

या सगळ्यामागचा विचार साधा आहे. पॉझिटिव्ह आल्यावर उपचार मिळणार असतील, तर माणूस स्वतःहून टेस्टला येतो. शिक्षा मिळणार असेल, तर तो लपतो.

मुंबईला जाणाऱ्यांचं काय?

त्यांच्या वाटेवर मेडिकलचं दार नाही, त्यामुळे भीती कमी आहे. पण टेस्टही होत नाही. हॉटेल, कारखाना, बांधकाम, वीटभट्टी अशा कामांत खाडा म्हणजे पगार कापला जाणं. दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच असते. त्यात अंगात काही दुखत नसताना टेस्ट कशाला, असं वाटतं.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्थलांतरितांना 'पूल' ठरणारा गट म्हटलं जातं, म्हणजे ज्यांच्यामार्फत संसर्ग शहरातून गावात जाऊ शकतो असा गट. साथीच्या अभ्यासात हा शब्द कामाचा असेल, पण ज्याला तो लागतो त्याला तो आरोपासारखा ऐकू येतो. गावाला आजार आणणारा, असा शिक्का कोणाला हवा असेल?

आकडे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हेपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हेपॅटायटिस सी होता.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, मेडिकलची वाट बघू नका. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांवर एचआयव्ही टेस्ट आणि समुपदेशन मोफत आणि गोपनीय आहे. गावात ओळखीचं कोणी भेटेल असं वाटत असेल, तर मुंबईच्या किंवा दुसऱ्या तालुक्याच्या केंद्रावर जा. जवळचं केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळतं.

दुसरी, बी आणि सीसाठी राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कुठे मिळतील, हे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा.

तिसरी, एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केल्याशिवाय एचआयव्ही पॉझिटिव्ह सांगितलं जात नाही.

चौथी, घरच्यांना विसरू नका. हेपॅटायटिस बी निघाला तर बायको-मुलांची तपासणी करून त्यांना लस देता येते. बायको गरोदर असेल तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांत लस मिळणं महत्त्वाचं आहे.

पाचवी, उपचार गावाला बांधलेले नसतात. कामासाठी शहर बदललं तर एआरटीची नोंद तिथल्या केंद्रावर हलवता येते.

'अनफिट' हा शिक्का व्हिसाच्या फाइलवर बसतो, माणसावर नाही. एक देश नोकरी देणार नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. आजारावर औषध आहे आणि ते मोफत मिळतं, हे मात्र त्यावर कुठेच नसतं. म्हणून तो कागद कपाटात ठेवण्याआधी डॉक्टरला दाखवायला हवा.