समुद्रकिनारी लग्न आणि आडनावाचा प्रश्न

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न गोव्याच्या किनाऱ्यावर करायचं ठरलं. पाहुण्यांसाठी भाड्याचा बंगला शोधला. मालक फोनवर गोड बोलत होता. आडनाव सांगितलं, लग्न बौद्ध पद्धतीनं आहे म्हटलं, आणि तारीख अचानक 'आधीच बुक' निघाली. तासाभरानं माझ्या ब्राह्मण मैत्रिणीनं फोन केला. तीच तारीख रिकामी होती.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. परदेशी पदवीही कामी आली नाही.

'एवढी हौस कशाला? लग्न साधंच करा,' असं चळवळीतले ज्येष्ठ म्हणतात. कर्ज काढून लग्न करू नये, हे मलाही पटतं. पण पैसे मोजायला तयार असताना दार बंद होतं, तेव्हा प्रश्न हौसेचा नसतो, हक्काचा असतो.

संविधानाचं कलम १५(२) हॉटेलात जातीवरून अडवायला मनाई करतं. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात 'हॉटेल' म्हणजे लॉजसुद्धा. म्हणून मित्रांनो, घर घेताना बोलणी लेखी करा, गोव्यात पर्यटन खात्याची नोंदणी तपासा, पावतीशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका, नकाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आम्ही दुसरं घर घेतलं. नाव लपवून नाही, पूर्ण आडनाव सांगून. तुम्हीही लपवू नका.

जय भीम!