कावळ्याने सांगितलेली गोष्ट

पितरांच्या घासाला आपण कावळ्याची वाट पाहतो. कावळ्यावरच माणसाची वाट पाहण्याची पाळी आली तर?

किरा जेन बक्स्टन यांची ‘हॉलो किंगडम’ ही २०१९ सालची इंग्रजी कादंबरी तशीच आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात साथ येते, माणसांचे भान हरपते, सारा कारभार कोसळतो. ही हकिकत बहुतांशी एक पाळीव कावळाच सांगतो. नाव एस. टी.; आपली लाल गाडी नव्हे! माणसात वाढल्याने तो स्वतःला माणूसच समजतो आणि इतर कावळ्यांना नाक मुरडतो. हसू आवरत नाही.

पण बंद घरांत कुत्री-मांजरे अडकलेली असतात. धनीच नाही, तर दार कोण उघडणार? डेनिस नावाच्या कुत्र्याला घेऊन कावळा त्यांच्या सुटकेला निघतो. इथे मात्र हसू थांबते आणि आपला गोठा आठवतो.

भाषा जरा शिवराळ आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी वाचून घरच्यांना गोष्ट सांगावी. आणि पूर येवो की आग लागो, घर सोडण्याआधी जनावरांची दावी सोडावीत.