लिनस शिव्या देतो म्हणून लिनक्स चालतं का?



आयटीवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : 'लिनस टॉरवाल्ड्स बघ, लोकांना फाडून खातो, म्हणून लिनक्स एवढं मोठं झालं.' आणि हे बोलणारा बहुतेक वेळा स्वतः टीमवर ओरडणारा साहेब असतो!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. आज जगभरातले हजारो लोक त्यात कोड देतात.

डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधल्या एका बदलामुळे चालू प्रोग्रॅम बिघडले आणि एका जुन्या मेंटेनरने दोष प्रोग्रॅमवर ढकलला. लिनसने त्याला जगासमोर शिवी हासडून गप्प केलं. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. कर्नल बदलताना लोकांचे प्रोग्रॅम बिघडता कामा नयेत, हा नियमच आहे. पण हा नियम शिवीशिवाय सांगता आला नसता का?

२०१३ मध्ये सेज शार्प यांनी या भाषेला उघड विरोध केला. यूएसबी ३ साठी लिनक्समधला पहिला ड्रायव्हर यांनीच लिहिलेला. म्हणजे काम न जमणारं माणूस नव्हे. २०१५ मध्ये त्यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. जे टिकले ते आपल्याला दिसतात. जे गेले, किंवा भीतीने आलेच नाहीत, त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनसने माफी मागितली आणि सुट्टी घेतली. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पूर्ण करून ऑक्टोबरमध्ये दिली. लिनस परत आला. कर्नल कोसळलं का? नाही. आजही साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येतेच.

लिनस आता संत झालाय असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्येही उशिरा आलेल्या कोडला त्याने सरळ कचरा म्हटलं आणि परत पाठवलं. वाईट कोडला 'नाही' म्हणणारा माणूस हवाच, नाहीतर हजार जणांच्या कामाची खिचडी होते. पण 'नाही' म्हणणं वेगळं आणि माणसाची लायकी काढणं वेगळं.

माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका साहेबाने भर मीटिंगमध्ये माझी अक्कल काढली. पुढच्या वेळी स्वतःची चूक सापडली, तर मी ती दोन दिवस दाबून ठेवली. नुकसान कुणाचं झालं? कामाचंच ना!

आणि एक फरक विसरू नका. लिनक्सवाला वैतागून निघून जाऊ शकतो. घराचा हप्ता भरणारा पोरगा कुठे जाणार?

तेव्हा साहेब, लिनसकडून घ्यायचंच असेल तर त्याचा नियमाचा आग्रह घ्या. आणि २०१८ ची माफीसुद्धा घ्या.

तुमचा अनुभव काय? कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव टाळून.