टरफलाआडचे चोवीस तास

अंडी उबवण्याचे यंत्र पूर्वी सरकारी केंद्रांत किंवा मोठ्या कुक्कुटपालकांकडेच काय ते असे. आता थर्माकोलचे खोके, एक दिवा, चिमुकला पंखा आणि तापमान दाखविणारा काटा एवढ्या सामग्रीवर ते कित्येक घरांच्या पडवीत येऊन बसले आहे. त्याच्याबरोबर एक प्रश्नही घरात आला आहे, जो खुडूक कोंबडी रवणावर बसत होती तोवर माणसाला सहसा पडत नसे. विसाव्या-एकविसाव्या दिवशी अंड्याला बारीक टवका गेला, आतून चिवचिव ऐकू येऊ लागली आणि मग तासांमागून तास लोटले तरी पिल्लू बाहेर येईना, तर आपण हात घालावा की घालू नये? कनवाळू माणूस म्हणतो, टरफल सोलून त्याला मोकळे करा. जाणता म्हणविणारा म्हणतो, निसर्गाच्या कामात दखल देऊ नका. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि त्यांतील पहिले तर मी स्वतःच्या हातांनी देऊन पाहिलेले आहे.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. आजीने डालग्यात भुशावर मांडलेल्या अंड्यांपैकी एकाला सकाळी भोक पडले होते आणि दुपार टळली तरी त्यात काही हालचाल दिसेना, म्हणून आजीचा डोळा चुकवून मी नखाने टरफलाचे तुकडे काढू लागलो. दोन तुकडे निघाले, तिसऱ्याबरोबर खालचा पांढरा पापुद्रा फाटला आणि त्यातून रक्ताचा एक थेंब वर आला. पुसला तर दुसरा आला. पिल्लू संध्याकाळपर्यंतही जगले नाही. आजी रागावली नाही. ते अंडे तळहातावर घेऊन ती एवढेच म्हणाली, "घाई केलीस रे बाळा. रगत अजून माघारी गेलं न्हवतं."

आजीने शरीरशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, परंतु तिचे वाक्य अक्षरशः खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. अंड्यातील जीव तीन आठवडे फुप्फुसांनी श्वास घेत नाही; टरफलाच्या आतल्या बाजूला अस्तरासारखे पसरलेले रक्तवाहिन्यांचे जाळे टरफलातील हजारो सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू ओढून घेते आणि त्यावरच त्याची गुजराण चालते. मुदत भरत आली की पिल्लू प्रथम अंड्याच्या बोथट टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसते, तेथे त्याचा पहिला श्वास होतो, आणि ती हवा अपुरी पडू लागली की चोचीच्या शेंड्यावरच्या टणक कणीने, जी जन्मानंतर थोड्याच दिवसांत गळून पडते, ते टरफलाला बाहेरचा टवका पाडते. येथून पुढचे बारा ते चोवीस तास पाहणाऱ्याला निष्फळ धडपडीचे वाटतात. वस्तुतः तो काळ बहुतांशी विसाव्याचा असतो, कारण तेवढ्या वेळात टरफलाच्या अस्तरातील रक्त शरीरात परत यायचे असते आणि उरलेल्या बलकाची पिशवी बेंबीवाटे पोटात ओढली जाऊन बेंबी मिटायची असते. त्या बलकाच्या शिदोरीवरच नवजात पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते. हे उरकल्यावर मात्र ते गोल फिरत टरफलाचे बोथट टोक झाकणासारखे कापून काढते, आणि हे शेवटचे काम बहुधा तासाभरात होते.

म्हणूनच, कोशातून फुलपाखराला सोडविणाऱ्या दयाळू माणसाची गोष्ट सांगून संघर्षानेच जीव बळकट होतो असा जो उपदेश व्याख्यानांतून आणि शाळांतून वारंवार केला जातो, तो या पिल्लाला लावणे मला मान्य नाही. कष्टांतून त्याला काही धडा मिळत नसतो. त्याचे स्वतःचेच रक्त त्याच्याकडे परत यायचे राहिलेले असते. या दोहोंतला भेद न ओळखल्यामुळे माणसे दुसऱ्या टोकाला जातात आणि दोन दिवस अडकून पडलेल्या पिल्लाकडेही, दुबळे असेल तर जाऊ दे, असे म्हणून पाठ फिरवतात.

या पाठ फिरविण्याला निसर्गाचे नाव देण्याचा हक्क आपल्याला पोचतो काय? वाण राखण्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्याने दुबळा अंश पुढे जाऊ नये याची काळजी घ्यावी, हे मी समजू शकतो. परंतु यंत्रातले पिल्लू अडकते तेव्हा कसूर त्याच्या रक्ताचा असतो असे नाही, पुष्कळदा तो आपल्या झाकणाचा असतो. शेवटच्या तीन दिवसांत यंत्रातील दमटपणा वाढवावा लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण कौतुकाने घडोघडी झाकण उचलतो. त्यातच वीज जाते. मग ओला पापुद्रा सुकून चामड्यासारखा होतो आणि पिल्लाला आवळून धरतो. शिवाय कोंबडीच्या पोटाखाली अंडे एकटे नसते. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखवले की एकमेकांना टेकलेल्या अंड्यांतील पिल्ले आतूनच टकटक आवाज करतात आणि तो ऐकून मागे पडलेली पिल्ले आपला वेग वाढवतात. ही सारी सोबत ज्याने काढून घेतली, त्यानेच मग तटस्थतेचा आव आणावा, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. आई दूर केली त्याच्याकडे आईची जबाबदारी आपोआप येते.

तेव्हा मदत अवश्य करावी, पण मुदत पाहून. टवका पडल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि एक पूर्ण दिवस झाकणाला हात लावू नये. त्यानंतरही छिद्र वाढले नसेल, पापुद्रा पिवळट-तपकिरी होऊन सुकला असेल, तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने तो ओलावावा. पिल्लाच्या नाकपुड्यांत पाणी जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. ओलावलेला पापुद्रा पारदर्शक होतो आणि त्यात रक्तवाहिन्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे डोळ्यांनी दिसते. टरफल काढायचे ते हवेच्या पोकळीकडचे, कणाकणाने. लाल ठिपका दिसताच थांबावे, अंडे यंत्रात परत ठेवावे आणि काही तास जाऊ द्यावेत. शेवटी बाहेर पडण्याचे काम पिल्लावरच सोपवावे. ही यंत्रे विकणाऱ्यांनी एवढ्या सूचना मराठीत छापून खोक्यात घालाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे; किमतीच्या मानाने एका कागदाचा खर्च तो काय?

गेल्या पावसाळ्यात माझ्या यंत्रात एक अंडे असेच अडले. तीस तास उलटल्यावर मी कापूस ओला केला आणि रात्री दोनपर्यंत, मध्ये तीनदा थांबून, रुपयाच्या नाण्याएवढे टरफल उतरवले. पहाटे पाहिले तेव्हा पिल्लू भिजल्या अंगाने शेजारच्या अंड्याला टेकून झोपले होते. रिकामे टरफल मी खिडकीच्या उजेडात धरले. आतल्या पापुद्र्यावर शिरांच्या बारीक रेषा अजून होत्या, पण त्यांत रक्ताचा टिपूसही उरला नव्हता.